स्कॉटिश ऐतिहासिक कादंबरीत लोककथा नेमके कोणते काम करते?

एका वाचकाने विचारले आहे की, स्कॉटलंडच्या इतिहासावरील कादंबऱ्यांत भुते, भविष्यवाण्या, पाण्यातले घोडे आणि टेकडीच्या पोटात राहणारे अदृश्य लोक इतक्या वेळा का येतात, त्यामुळे इतिहासाला बाधा येत नाही का, आणि अशी कादंबरी लिहायची किंवा मराठीत आणायची झाल्यास या सामग्रीचे काय करावे. गेली बावीस वर्षे मी इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्यांची भाषांतरे करते आणि नव्या लेखकांची हस्तलिखिते तपासते. हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत अनेकदा आला आहे आणि त्याचे पहिले उत्तर मी स्वतः चुकीचे दिले होते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

थोडक्यात माझे म्हणणे असे : ज्या कादंबरीत लोककथा एखाद्या विशिष्ट माणसाच्या तोंडी, विशिष्ट गरजेपोटी येते आणि तिच्यामुळे कोणाचे तरी काही बरेवाईट होते, तेथे ती इतिहासाचाच भाग असते. जेथे ती धुके आणि पडका किल्ला यांच्या जोडीला वातावरणनिर्मितीसाठी आणलेली असते, तेथे ती इतिहासाला बाधक होवो न होवो, कादंबरीला मात्र हमखास बाधक होते.

यातील पहिला भाग समजण्यासाठी सोळाव्या आणि सतराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये ‘समजूत’ या गोष्टीला काय वजन होते ते पाहावे लागते. 1563 मध्ये तेथे चेटूकविरोधी कायदा झाला आणि तो 1736 मध्ये रद्द होईपर्यंत चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता. त्यामुळे एरवी चुलीपाशी बोलल्या आणि विरल्या असत्या अशा कितीतरी गोष्टी न्यायालयाच्या कागदांत उतरल्या. आयर्शरमधील बेसी डनलॉप या बाईचा 1576 चा खटला घ्या. तिने सांगितले की, आपल्याला थॉम रीड नावाचा माणूस भेटतो, औषधे सांगतो आणि हरवलेल्या वस्तूंचा माग देतो. हा थॉम 1547 च्या पिंकीच्या लढाईत मारला गेला होता आणि आता तो ‘त्या’, म्हणजे टेकडीतल्या अदृश्य, लोकांत राहत होता. इंग्रजांकडून झालेल्या एका दारुण पराभवात मेलेला माणूस जवळजवळ तीस वर्षांनी एका गरीब बाईला दुखण्याखुपण्यावर सल्ला देतो, यात युद्ध, वैद्यक, दारिद्र्य आणि परलोक यांची अशी गुंफण आहे की, त्यातून ‘खरा इतिहास’ तेवढा वेगळा काढू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही उरणार नाही. बेसीला दोषी ठरवून जाळण्यात आले. कादंबरीकाराला थॉम रीड होता की नाही हे ठरवावे लागत नाही. बेसीच्या दृष्टीने तो होता आणि न्यायाधीशांच्या दृष्टीनेही त्याच्या जागी कोणीतरी होतेच, फक्त ते त्याला सैतान म्हणत होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

वॉल्टर स्कॉट (1771–1832) याने ऐतिहासिक कादंबरीचा साचा घडवला असे आपण म्हणतो, पण तो कादंबरीकडे आला तो लोकगीतांच्या वाटेने, हे बहुधा विसरतो. 1802–03 मध्ये त्याने सीमाभागातील पोवाडेवजा गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि ‘वेव्हर्ली’ ही पहिली कादंबरी 1814 मध्ये, तीही निनावी, आली. ‘वेव्हर्ली’चा विषय 1745 चे जॅकोबाइट बंड, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला गादीवर आणण्याचा अखेरचा मोठा प्रयत्न. तिच्यात फर्गस हा डोंगरी सरदार आपल्या इंग्रज मित्राला सांगतो की, त्याच्या घराण्याचा ‘बोडाख ग्लास’, म्हणजे करडा म्हातारा, त्याला दिसला आहे आणि तो दिसला की घराण्याच्या प्रमुखावर अरिष्ट ठरलेले असते. मित्राला काही दिसत नाही. त्याला हा थकव्याचा परिणाम वाटतो. त्यानंतर फर्गस पकडला जातो आणि कार्लाइल येथे त्याला मृत्युदंड होतो. भूत खरे होते की नाही याचा निवाडा स्कॉट करत नाही. मात्र एका पूर्वजाने केलेल्या खुनाचे ऋण पिढ्यान्‌पिढ्या फेडणारे हे घराणे आणि पुस्तके वाचत मोठा झालेला तो इंग्रज तरुण एकाच रात्री, एकाच सैन्यात असूनही वेगवेगळ्या शतकांत जगत आहेत, हे एका म्हाताऱ्याच्या आकृतीने जितके कळते तितके दहा पानांच्या विवेचनाने कळले नसते.

माझ्या मते या प्रकारातील सर्वोत्तम नमुना त्याच्याच ‘रेडगॉन्टलेट’ (1824) मध्ये आहे : विली या आंधळ्या, भटक्या सारंगीवाल्याने सांगितलेली गोष्ट. ही गोष्ट केवळ वीस-पंचवीस पानांची आहे, परंतु ज्यांना हा विषय मुळातून समजून घ्यायचा आहे त्यांनी बाकी सर्व बाजूला ठेवून आधी तीच वाचावी. विलीचा आजा स्टीनी हा सर रॉबर्ट रेडगॉन्टलेट या जमीनदाराचे कूळ. सर रॉबर्टने 1680 च्या दशकात राजाज्ञा न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन लोकांचा, म्हणजे ‘कव्हेनंटर’ मंडळींचा, निर्घृण छळ केलेला असतो. स्टीनी थकलेला खंड घेऊन वाड्यावर जातो, पैसे देतो, पण पावती मिळण्याआधीच मालक तडफडून मरतो आणि पैशांची पिशवीही नाहीशी होते. नवा मालक म्हणतो, पावती दाखव नाहीतर जमीन सोड. वैतागलेला स्टीनी रस्त्यात ब्रँडीचे दोन घोट घेतो आणि त्यातला एक सैतानाच्या नावाने घेतो. पुढे रानात एक अनोळखी घोडेस्वार भेटतो आणि त्याला मेलेल्या मालकाच्या वाड्यावर नेतो. तेथे त्या काळातले सारे गाजलेले छळवादी मेजवानीला बसलेले आहेत. त्यांत देखणा क्लॅव्हरहाउसही आहे, आणि त्याने चांदीच्या गोळीची जखम हाताने झाकून धरली आहे.

ती चांदीची गोळी पाहा. क्लॅव्हरहाउस हा इतिहासातला सेनानी 1689 मध्ये किलीक्रँकीच्या लढाईत पडला. ज्यांचा त्याने छळ केला होता त्यांच्यात अशी वदंता होती की, सैतानाशी करार असल्यामुळे त्याला शिशाची गोळी लागत नसे, म्हणून कोणीतरी चांदीची गोळी घातली. गोष्टीत स्कॉटने या वदंतेचे स्पष्टीकरण दिलेले नाही. मेजवानीतल्या एका हाताच्या ठेवणीत ती बसवून टाकली आहे. स्टीनीला तेथे खायला-प्यायला देतात, वाजवायला सांगतात, आणि तो काहीही स्वीकारत नाही, कारण परलोकातले अन्न जो खातो तो परत येत नाही हा नियम त्याला आजीपणजीकडून ठाऊक आहे. तो म्हणतो, मला फक्त माझी पावती हवी. आणि त्याला पावती मिळते. पिशवी मालकाच्या माकडाने पळवली होती हेही नंतर उघड होते, म्हणजे ज्याला भूत नको असेल त्याला माकड आणि ब्रँडी यांवर सगळी गोष्ट नेऊन टाकता येते. एका कुळाचा कायदेशीर हक्क नरकात जाऊन शाबीत करावा लागतो, ही त्या काळातील जमीन-व्यवस्थेवरची एवढी जहाल टीका एखाद्या टीकाकाराला सरळ भाषेत करता आली असती असे मला वाटत नाही. आणि ती ज्याच्या तोंडी आहे तो त्याच कुळाचा नातू आहे, तो स्कॉट्स बोलीत बोलतो, आणि आजोबांच्या अब्रूचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

याच स्कॉटने चार वर्षे आधी, 1820 मध्ये, ‘द मॉनेस्टरी’त अॅव्हनेल घराण्याची श्वेतवसना आणली आणि ती साफ फसली. ही बाई पद्यात बोलते, भिक्षूला नदीत बुचकळ्या देते, भूगर्भातून पुस्तक काढून देते आणि ज्याला त्याला दिसते. तिची घडण स्कॉटिश माणसांच्या तोंडच्या गोष्टींपेक्षा पंचमहाभूतांतील आत्म्यांविषयीच्या युरोपीय ग्रंथांवरून झाली होती. वाचकांना ती रुचली नाही हे स्कॉटने 1830 च्या प्रस्तावनेत स्वतःच मान्य केले. धर्मसुधारणेच्या काळातील, मठ मोडत असतानाची ती कादंबरी, विषय एवढा मोठा, पण ही बाई कोणाच्याही भीतीतून किंवा लोभातून जन्मलेली नाही, म्हणून ती रंगमंचावरच्या दोरीला टांगल्यासारखी दिसते. हस्तलिखिते तपासताना मी लेखकांना हे दोन नमुने शेजारी ठेवायला सांगते.

जेम्स हॉग (1770–1835) हा स्कॉटचा मित्र, एट्रिकचा मेंढपाळ. स्कॉट लोककथा गोळा करत होता, तर हॉग तिच्यातच वाढला होता, आणि हा फरक त्याच्या लेखनात जाणवतो. ‘द ब्राउनी ऑफ बॉड्सबेक’ (1818) ही त्याची कादंबरी 1685 मधील आहे. ब्राउनी म्हणजे रात्री येऊन शेताघराची कामे करून जाणारा, केसाळ, ओबडधोबड प्राणी. त्याला कपडे दिले की तो रुसून निघून जातो. चॅपलहोप या शेतावर असा ब्राउनी आल्याची आवई उठते, पीक रातोरात कापले जाते, नोकरमाणसे घाबरतात, शेतकऱ्याच्या मुलीचे त्या पिशाचाशी संगनमत आहे असा संशय घरातच बळावतो. शेवटी कळते की, डोंगरातल्या गुहांत लपलेले जखमी, उपाशी कव्हेनंटर रात्री बाहेर येत होते, ती मुलगी त्यांना जगवत होती आणि ते कृतज्ञतेने कापणी करून देत होते. ब्राउनीची भीती हेच त्यांचे संरक्षण होते. काही समीक्षकांना हा उलगडा म्हणजे लोककथेचा पराभव वाटतो, मला तो वाटत नाही. समजूत खोटी ठरते हे खरे, परंतु त्याआधी तिने माणसे वाचवलेली असतात आणि एका मुलीची बदनामीही केलेली असते. समजुतीचा असा दुहेरी हिशेब मांडणारी दुसरी कादंबरी मला चटकन आठवत नाही.

हॉगच्या 1824 च्या ‘कन्फेशन्स’मध्ये आपण देवाचे निवडलेले आहोत अशा खात्रीने खून करत जाणारा तरुण आणि त्याचा गिल-मार्टिन नावाचा सोबती आहे. हे नाव गेलिक या डोंगराळ भागातील भाषेत कोल्ह्यासाठी वापरले जाते. नायकाला आपल्या सोबत्याची ओळख बराच काळ पटत नाही, पण त्याचा साधा नोकर ऑक्टरमक्टी गावची एक गोष्ट सांगतो : गावात एक अफाट विद्वान उपदेशक आला, सारे भारावले, आणि एका म्हाताऱ्याने त्याचा झगा उचलून दुभंगलेले खूर दाखवले. धर्मशास्त्र शिकलेल्याला जे दिसत नाही ते गावगोष्ट ऐकत वाढलेल्याला दिसते.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळते. लोककथा निरागस असते हा समज सोडून द्यावा. स्कॉटची ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ (1819) ही ज्या घटनेवर बेतली आहे ती 1669 मधली : जेम्स डॅलरिंपल या कायदेपंडिताची मुलगी जॅनेट हिचे मनाविरुद्ध लग्न झाले आणि ती काही आठवड्यांत मरण पावली. पहिल्या रात्री वधूने वराला भोसकले, की वराने वधूला, की खिडकीतून कोणी तिसरा आला, की सैतानानेच हे केले, अशा अनेक कथा पसरल्या. वधूच्या आईला लोक चेटकीण म्हणत. या कथा कोणाच्या होत्या? बऱ्याच अंशी डॅलरिंपल घराण्याच्या राजकीय शत्रूंच्या. याच जॅनेटचा भाऊ जॉन डॅलरिंपल हा 13 फेब्रुवारी 1692 च्या ग्लेनकोच्या हत्याकांडामागचा मंत्री. त्या दिवशी पहाटे, सुमारे पंधरवडाभर मॅक्डॉनल्ड लोकांच्या घरी पाहुणचार घेतलेल्या सैनिकांनी आपल्या यजमानांनाच ठार मारले. पत्त्यांतल्या चौकटच्या नव्वीला स्कॉटलंडमध्ये ‘स्कॉटलंडचा शाप’ म्हणतात आणि त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की, डॅलरिंपल घराण्याच्या चिन्हावर तसेच नऊ चौकोन आहेत. म्हणजे वधूची कथा आणि पत्त्याचे नाव यांच्यामागे एकाच घराण्याविषयीचा राग असू शकतो. स्कॉटने घटना गॅलोवेतून उचलून पूर्वेकडच्या लॅमरमूर टेकड्यांत नेली, भविष्यवाणी जोडली, नायकाला केल्पी या पाण्यातल्या घोड्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चोरवाळूत गडप केले. पण त्या रागाची धग त्याने विझू दिली नाही.

ग्लेनकोविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत एक सैनिक दरीतल्या मोठ्या दगडाशी बोलतो, म्हणजे माणसाला उघड सावध करता येत नाही म्हणून दगडाला सांगतो आणि जवळचा यजमान काय ते समजतो. अशी घटना घडल्याचा कागद नाही. परंतु मीठ खाल्लेल्या घराशी झालेल्या दग्यातही कोणीतरी एक जण माणुसकीला जागला असावा, ही मागे उरलेल्यांची गरज त्या दगडात साठलेली आहे, आणि ती गरज हा पुरावाच आहे.

नवे लेखक सर्वांत जास्त चुकतात ते काळाच्या बाबतीत. सैन्याच्या तुकड्या आणि बंदुकांचे प्रकार ते काटेकोरपणे तपासतात, परंतु लोककथा ‘फार प्राचीन’ असे गृहीत धरून कोठेही वापरतात. ब्रहानचा द्रष्टा कॉइनिख ओडर याच्या भविष्यवाण्या घ्या. दंतकथेप्रमाणे तो सतराव्या शतकातला आणि सीफोर्थच्या काउंटेसने त्याला शॅनोनरी येथे डांबराच्या पिंपात जाळले. प्रत्यक्षात अशा नावाचा माणूस कागदोपत्री सापडतो तो 1577 च्या सुमारास, चेटकाच्या आरोपात पकडण्याच्या हुकुमात, म्हणजे दंतकथेपेक्षा जवळजवळ शंभर वर्षे आधी. त्याच्या भविष्यवाण्यांचा प्रसिद्ध संग्रह 1877 मध्ये छापला गेला. मेंढ्यांच्या फौजेपुढे क्लॅनची, म्हणजे डोंगरी घराण्यांची, माणसे देश सोडून पळतील हे त्यातले भाकीत, मेंढ्यांसाठी स्ट्रॅथनेव्हर या उत्तरेकडच्या खोऱ्यातली शेतकऱ्यांची घरे 1814 आणि 1819 मध्ये रिकामी केल्यानंतर साठ वर्षांनी छापील रूपात आले. 1746 मध्ये घडणाऱ्या कादंबरीत एखादी म्हातारी हे भाकीत शब्दशः म्हणू लागली, तर लेखकाने तिच्या हातात वर्तमानपत्र दिल्यासारखे होते. उलट, 1880 च्या दशकातील, भाडेवाढीविरुद्ध लढणाऱ्या क्रॉफ्टर शेतकऱ्याच्या तोंडी तेच भाकीत अचूक बसते. हरलेल्या रॉबर्ट ब्रूस राजाला जाळे विणून धीर देणारा कोळीही असाच. तो घराघरांत गेला स्कॉटने 1828 मध्ये नातवासाठी लिहिलेल्या गोष्टींमुळे, आणि त्याआधीच्या एका जुन्या पुस्तकात कोळी पाहणारा माणूस ब्रूस नसून त्याचा सहकारी डग्लस आहे.

दुसरी चूक प्रदेशाची. सील माशाचे कातडे उतरवून माणूस होणारे सेल्की हे ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिम किनाऱ्याचे. त्यांना पर्थशरच्या डोंगरात आणता येत नाही. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे 1468–69 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने हुंड्यापोटी गहाण ठेवली तेव्हा स्कॉटलंडकडे आली, म्हणून तेथल्या ‘ट्राउ’ या अदृश्य लोकांचे नाते गेलिक कथांपेक्षा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, कथांशी अधिक जवळचे आहे. ओढ्याच्या पात्रात मरणाऱ्यांचे कपडे धुणारी ‘बेन-निये’ ही गेलिक प्रदेशातली. ती बाळंतपणात मेलेली बाई असून तिचे खरे आयुष्य जेव्हा संपले असते तोपर्यंत तिला धुणे धुवावे लागते. हा एवढा एक तपशील माहीत असला की, तिच्याकडे पाहण्याची कादंबरीकाराची नजरच बदलते.

भाषांतराबाबत माझी चूक सांगते. माझ्या पहिल्या भाषांतरात मी केल्पीला ‘जलपरी’ केले आणि टेकडीतल्या लोकांना ‘पऱ्या’. केल्पी हा नदीकाठी देखण्या घोड्याच्या रूपात उभा राहून पाठीवर बसलेल्याला बुडवणारा जीव आहे, हे मला मूळ मजकुरावरून कळायला हवे होते. पऱ्यांची चूक अधिक सूक्ष्म आणि अधिक घातक. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पंख आणि छडी येते, तर स्कॉटिश माणूस त्या लोकांना घाबरतो, आणि नाव घेतल्यास ओढवेल म्हणून त्यांना ‘चांगले शेजारी’ किंवा ‘शांततेचे लोक’ म्हणतो. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आणि अंगभर फोड आणणाऱ्या त्या भीषण रोगाला ‘देवी’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. म्हणून आता मी ‘शेजारी’ हाच शब्द ठेवते आणि पहिल्या उल्लेखातच पात्राचा आवाज खाली आणते. केल्पीला मात्र केल्पीच राहू देते. त्याला आसरा म्हटले की वाचक स्कॉटलंडमधून उठून थेट आपल्या विहिरीवर येतो.

विसाव्या शतकातील लेखकांविषयी थोडक्यात सांगता येईल. नील गनच्या ‘बुचर्स ब्रूम’ (1934) मधील मेरी ही वनस्पती जाणणारी म्हातारी एका संपूर्ण जगण्याचे ज्ञान अंगावर वागवते, आणि घरे जाळली जातात तेव्हा ते ज्ञानही बेघर होते. हा वापर मला फार मोलाचा वाटतो. नेओमी मिचिसनने ‘द बुल काव्ह्‌ज’ (1947) मध्ये 1745 चे बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतरच्या वर्षातल्या एका सुशिक्षित घरात चेटकाची आठवण कशी दबून राहते ते दाखवले. डायना गॅबाल्डनची ‘आउटलँडर’ (1991) आज खूप वाचली जाते, आणि तिच्यातील उभ्या शिळांच्या वर्तुळातून दोनशे वर्षे मागे जाणे ही लेखिकेची स्वतःची रचना आहे. लोककथेत माणूस टेकडीत एक रात्र नाचतो आणि दोनशे वर्षे पुढे बाहेर पडतो. पण त्याच कादंबरीत टेकडीवर सोडून दिलेल्या आजारी अर्भकाचा प्रसंग आहे : आईबापांच्या मते ते त्यांचे मूल नसून शेजाऱ्यांनी बदललेले आहे. विसाव्या शतकातील परिचारिका धावते आणि सोबतची बाई तिला अडवते. मला त्या जाडजूड पुस्तकात शिळांपेक्षा हा प्रसंग जास्त ऐतिहासिक वाटतो.

मराठीपुरते बोलायचे तर हरि नारायण आपटे यांच्यावर स्कॉटचा प्रभाव होता असे आपल्या समीक्षेत वारंवार सांगितले जाते. आपण त्याच्याकडून भुयारे, वेषांतरे आणि स्वामिनिष्ठा घेतली; आंधळा सारंगीवाला मात्र घेतला नाही, असे माझे मत आहे.

ज्यांना प्रत्यक्ष सामग्री हवी आहे त्यांनी जॉन फ्रान्सिस कँबेलने 1860–62 मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या पश्चिम डोंगराळ भागातील कथांपासून सुरुवात करावी, कारण कोणी, कोठे आणि कोणाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली याची नोंद त्याने ठेवली आहे. एडिंबरा विद्यापीठात 1951 मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अभ्यास केंद्राने केलेली ध्वनिमुद्रणे ‘टोबर अन डुआल्खाइश’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. गेलिक कळत नसली तरी ती ऐकावीत, सांगणारा कोठे थांबतो आणि कोठे घाई करतो तेवढे टिपावे. हॉगची आई मार्गारेट लेडलॉ हिने स्कॉटला सुनावले होते की, ही गीते म्हणण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, आणि ती छापून त्याने त्यांचा सत्यानाश केला आहे. स्कॉटने छापणे थांबवले नाही. पण बावीस वर्षांनी विलीची गोष्ट लिहिताना त्याने ती एका माणसाच्या आवाजात, वाटेने चालता चालता सांगायला लावली.